गोदाकाठचे पैठण आणि उठलेली गावे

अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. त्या मोळ्यांत उतरलेला रस कुठल्या पाण्याचा, असे कुणी विचारले तर कोणी म्हणेल विहिरीच्या, कोणी म्हणेल कालव्याच्या, तर कोणी गोदामाईचे नाव घेईल. तिन्ही उत्तरे एकाच जागी जाऊन मिळतात. अंबड-घनसावंगीच्या या पट्ट्याला डाव्या कालव्याने जे पाणी येते, ज्याच्या पाझराने कित्येक विहिरींचे झरे जिवंत राहतात, ते पैठणच्या नाथसागराचे पाणी आहे. आणि नाथसागराच्या तळाशी गावे आहेत. माणसांची, गुराढोरांची, मारुतीच्या पारांची, आड आणि बारवांची गावे.

पैठण आपल्याला माहीत असते ते नाथषष्ठीसाठी आणि लग्नाच्या बस्त्यातल्या पैठणीसाठी. पण हे गाव दोन हजार वर्षे लढायांच्या आणि स्थलांतरांच्या वाटेवर उभे आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. लढाईने माणसे उठली, दुष्काळाने उठली आणि शेवटी पाण्यासाठी उठली. ही हकिगत आपल्या पाण्याशी निगडित असल्याने ती शेतकऱ्याच्या घरात माहीत असायला हवी.

राजधानीचे दिवस

पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तिकेत या शहराची नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून मौल्यवान दगडांचा माल गाड्यांनी बंदरावर येतो, असे त्या अनाम दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडचा गाडीवान मालाची खेप घेऊन भडोचपर्यंत जात होता आणि तिथून तो माल रोमन लोकांच्या मुलखात पोचत होता!

जिथे व्यापार तिथे लढाई आलीच. भडोचच्या बाजूने क्षहरात वंशातला नहपान राजा चढून आला आणि त्याने सातवाहनांचा बराच मुलूख घेतला. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला. याची साक्ष नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात आहे, तशी ती मातीतही सापडली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेरा हजारांवर नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा ठोकलेला. हरलेल्या राजाचे नाणे मोडून टाकण्यापेक्षा त्यावरच आपला शिक्का मारणे सोपे. राज्य बदलले की सामान्य माणसाच्या हाती पडणारा बदल बहुधा एवढाच असतो.

लोकांनी मात्र ही लढाई आपल्या पद्धतीने लक्षात ठेवली. कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे हत्ती, घोडे, शिपाई केले, त्यांवर पाणी शिंपडून त्यांना जिवंत केले आणि शत्रूला नर्मदेपार हाकलले, ही गोष्ट आजही गुढी उभारताना आजीबाई नातवंडांना सांगतात. इतिहासकार तिला दंतकथा म्हणतील. पण आपल्या पंचांगातले शालिवाहन शके हे नाव या गावाशी जोडले गेले ते असे.

जाणारे आणि परतणारे

सातवाहन गेले, त्यानंतर अनेक घराणी आली, देवगिरीचे यादव आले आणि तेही बुडाले. शहराचे महत्त्व राजकारणातून ओसरले, पण विद्येचे पीठ म्हणून ते टिकले. आळंदीच्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभे राहावे लागले, आणि ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा नागघाटावर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सांगायचे ते वेगळेच. गाव ज्यांना बाहेर ठेवते, ती माणसेच पुढे गावाचे नाव मोठे करतात, असे पैठणच्या बाबतीत फार वेळा घडले.

सोळाव्या शतकाच्या आरंभी येथल्या भट्ट घराण्यातले रामेश्वर भट्ट पैठण सोडून काशीला जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट काशीचे मोठे पंडित झाले. याच घराण्यातल्या विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. म्हणजे रायगडावरच्या त्या सोहळ्यात पैठणहून उठून गेलेल्या एका घराची विद्या उभी होती.

एकनाथांचे पणजोबा भानुदास यांची कथा तर याहून विलक्षण आहे. विजयनगरला नेलेली पंढरपूरची विठ्ठलमूर्ती त्यांनी परत आणली असे वारकरी परंपरा सांगते. धामधुमीच्या काळात देवालाही गाव सोडावे लागले, मग माणसांचे काय सांगावे?

नाथमहाराज स्वतः निजामशाहीच्या काळातले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी. अशा काळात त्यांनी घरात अन्नछत्र चालवले, भारुडे रचली, हिंदू-तुर्क संवाद लिहिला. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला ते गोदावरीत समाधिस्थ झाले. नाथांच्या वाड्यातला रांजण यात्रेच्या दिवसांत भाविक गोदेच्या पाण्याच्या घागरी आणून भरतात. श्रीखंड्याच्या रूपाने देवानेच तो भरला अशी श्रद्धा आहे. पाणी वाहून आणणाऱ्याला देव मानणारी ही श्रद्धा आपल्या मराठवाड्यातच जन्मावी यात नवल नाही. इथल्या बाईमाणसांच्या डोक्यावरची घागर अजून उतरलेली नाही.

राक्षसभुवनचा पूर

अंकुशनगरच्या माणसाला सर्वांत जवळची लढाई म्हणजे राक्षसभुवनची. शहागडच्या पुलावरून गेवराईकडे जाताना उजव्या हाताला, नदीच्या वरच्या अंगाला हे गाव आहे. साडेतीन शनिपीठांतले एक म्हणून लोक तिथे जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे जे झाले ते मात्र फारसे कुणी आठवत नाही.

त्या वर्षी निजाम अलीने पुण्यावर चाल करून शहर लुटले, जाळले. पेशव्यांच्या फौजांनीही निजामाच्या मुलखात लुटीचा तोच कित्ता गिरवला. दोन्हीकडचे शेतकरी उघडे पडले, हे वेगळे सांगायला नको. घोड्यांना वैरण आणि शिपायांना दाणा अखेर कुणाच्या तरी खळ्यातूनच येतो. पावसाळ्यात निजामाची फौज औरंगाबादेकडे परतत असताना गोदावरीला पूर होता. निजाम काही फौजेसह उत्तरेच्या तीरावर उतरला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेनिशी दक्षिण तीरावर राहिला. मधे पूर. मराठ्यांनी नेमकी ही वेळ साधली. लढाईत राघोबादादांचा हत्ती वेढला गेला, तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव पेशवे मदतीला धावले. विठ्ठल सुंदर ठार झाला. निजाम पैलतीरावरून पाहत राहिला, पण पुराच्या पाण्यातून त्याला मदत धाडता आली नाही.

लढाई जिंकली, तह झाला. तरी हा मुलूख पुढे निजामी राज्यातच राहिला आणि १९४८ पर्यंत राहिला.

रझाकाराचे वर्ष

ज्यांचे आजोबा-पणजोबा १९४७-४८ साली कर्ते होते, त्यांच्या घरात त्या वर्षाच्या आठवणी अजून आहेत. देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा झाला नाही. रझाकारांच्या जाचाने नगर, बुलढाणा, सोलापूर या बाजूंना सरहद्दीपलीकडे कित्येक कुटुंबे गेली. दागिने लुगड्याच्या पदरात, धान्य पेवात आणि गुरे देवाच्या हवाली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली लढा चालला होता, सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरे होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. म्हणून आपण १७ सप्टेंबरला मुक्तिदिन पाळतो.

त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक गावांतून मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. याची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक वर्षे दडून राहिला. मुक्तीचा आनंद खराच होता. पण आधी एकांनी घरे सोडली आणि मागून दुसऱ्यांनी, हेही तितकेच खरे आहे. जुनी माणसे ही गोष्ट आवाज खाली करून सांगत.

धरण आले

यानंतर जे उठणे झाले ते लढाईचे नव्हते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जायकवाडी हे खरे तर बीड जिल्ह्यातले गाव. आधी धरण तिथे व्हायचे होते. मग जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिले. शंकरराव चव्हाणांनी या धरणाचा पाठपुरावा केला, हे मराठवाडा विसरलेला नाही.

सुमारे दहा किलोमीटर लांबीची ही मातीची भिंत. तिला सत्तावीस दरवाजे. पूर्ण भरले तर एकशे दोन टीएमसीच्या घरात पाणी, त्यातले वापरता येण्याजोगे सुमारे शहात्तर टीएमसी. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. पाण्याखाली गेलेले क्षेत्र साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे त्यात सापडली. आणि ही जमीन कसली? नदीकाठची काळी कसदार, जिच्यात ज्वारीचे ताट माणसाच्या डोक्यावर जाई, अशी. माळरान बुडाले असते तर गोष्ट निराळी होती.

गाव उठणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्याला आकड्यांतून कळणार नाही. आधी मोजणीवाले येतात, साखळी टाकतात. मग नोटिसा. मग निवाडा. जमिनीचा भाव कागदावर ठरतो, घराचा ठरतो, झाडांचाही ठरतो. पण बांधावरच्या ज्या आंब्याखाली लेकीची वाटणी झाली, त्याचा भाव कोण ठरवणार? माळवदाची घरे उतरवायची. सागवानी तुळया, वासे, चौकटी, दारे जमेल तेवढी गाडीत घालायची. पांढरी माती तिथेच राहते. जाते, उखळ, पाटा-वरवंटा नेता येतो. चूल नेता येत नाही, ती नव्या जागी पुन्हा थापावी लागते. ग्रामदैवत हलवायचे तर पुन्हा विधी आले. आणि एवढे करून गाव एका जागी बसेलच असे नाही. एका गावाच्या दोन-दोन, तीन-तीन वसाहती होतात, भावकी विभागली जाते आणि शेजारीण दहा कोसांवर जाते.

ज्याच्या नावावर सातबारा, त्याला निदान मोबदला तरी. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय? सुतार, लोहार, कुंभार, परीट यांचे पोट गावाच्या बलुत्यावर होते. नदीत नाव चालवणारे, वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणारे, यांची कमाई कुठल्याच उताऱ्यावर चढलेली नव्हती. यातल्या काहींनी पुढे जलाशयात जाळी टाकून मासेमारी धरली. बाकीचे शहराकडे किंवा मजुरीला गेले.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम केला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण तो कायदा १९७६ सालचा. धरणाचे उद्घाटनही १९७६ सालचे. म्हणजे माणसे उठून गेली आणि मागून कायदा आला! लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती बुडालेल्यांना द्यायची, नव्या गावठाणात रस्ते, पाणी, शाळा, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा द्यायच्या, ही कल्पना चांगलीच होती. पुढे १९८६ आणि १९९९ साली नवे कायदे झाले. जायकवाडीच्या माणसांना त्यातले किती मिळाले आणि किती कागदावर राहिले, हे कुठल्याही पुनर्वसित गावात पारावर बसून विचारावे.

खुद्द पैठण बुडाले नाही, ते भिंतीच्या पायथ्याशी राहिले. पण दरवाजे मोठ्या प्रमाणात उघडले की पहिला फटका त्यालाच. ऑगस्ट २००६ च्या पुरात पैठणच्या वस्तीत पाणी शिरले आणि खाली नांदेडपर्यंत हाहाकार झाला.

दजलेच्या काठी

दूर तुर्कस्तानच्या आग्नेय भागात दियारबाकीर नावाचे शहर आहे. दजला म्हणजे तायग्रिस नदीच्या काठी ते वसले आहे. वस्ती बहुतेक कुर्द लोकांची. ते आपल्या शहराला आमेद म्हणतात. कुर्द हा कोट्यवधींचा समाज, स्वतःची भाषा असलेला, पण तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत वाटला गेलेला. गावाला काळ्या दगडाचा प्रचंड तट आहे. आपल्या देवगिरीच्या कातळासारखाच तो ज्वालामुखीचा दगड. तट आणि नदी यांच्या मधे हेवसेल नावाचे मळे आहेत, शतकानुशतके शहराला भाजीपाला पुरवणारे. तट आणि मळे या दोन्हींना मिळून २०१५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. भाजीच्या मळ्यांना असा मान मिळाल्याचे आपल्या शेतकऱ्याला कौतुक वाटेल.

तिथली टरबुजे नामांकित. नदीच्या वाळूत खड्डे करून ती लावतात आणि खत म्हणून कबुतरांची विष्ठा घालतात. त्यासाठी आसपासच्या गावांतून खास कबुतरखाने बांधलेले असत. शहराजवळच्या काराजादाग डोंगराच्या परिसरात जो रानगहू उगवतो, त्यापासूनच माणसाने एकदाणी गहू प्रथम पिकाखाली आणला असावा, असे शास्त्रज्ञांनी १९९७ साली दाखवून दिले. म्हणजे आपल्या पोळीच्या गव्हाचे फार जुने भाऊबंद त्या मुलखातले.

अशा या सुपीक मुलखात १९८४ पासून कुर्द बंडखोर संघटना आणि सरकारी फौजा यांत लढाई जुंपली. १९९० च्या दशकात तीन हजारांवर गावे-वाड्या रिकाम्या करण्यात आल्या. शेतकरी गुरे विकून दियारबाकीरला येऊन पडला आणि शहर फुगत गेले. २०१५-१६ साली लढाई तटाच्या आत, सूर नावाच्या जुन्या पेठेत शिरली, आणि गावाकडून एकदा उठून आलेली माणसे दुसऱ्यांदा उठली. मे २०२५ मध्ये त्या संघटनेने विसर्जनाची आणि शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली.

त्याच नदीवर, खालच्या अंगाला हसनकैफ नावाचे फार प्राचीन गाव होते. इलिसू धरणाच्या पाण्यात ते २०२० साली बुडाले. तिथल्या एका जुन्या सरदाराची अकराशे टनांची कबर २०१७ साली चाकांच्या गाड्यावर चढवून जशीच्या तशी दुसरीकडे नेली. जगाने त्याची छायाचित्रे पाहिली. गुहांतून राहणारी माणसे नव्या वसाहतीतल्या घरांत गेली, त्यांची छायाचित्रे एवढी कुणी काढली नाहीत.

युद्ध असो की धरण, उठणाऱ्याच्या गाडीवरचे सामान सारखेच असते. फरक हा की, युद्धाने उठलेला निदान परत जायची आशा धरतो. धरणाने उठलेल्याला ती नाही.

पाण्याचा वाटा

आज जायकवाडीचे भांडण वरच्या आणि खालच्या धरणांचे आहे. नाशिक-नगरची धरणे आधी भरतात, मग खाली पाणी येते. २०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागर आटला, तेव्हा या भांडणाला धार आली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व होते. त्यानुसार २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. वरचे शेतकरी म्हणतात आमच्या उभ्या पिकाचे पाणी नेले. आपण म्हणतो आमच्या हक्काचे आले. हे आपण हक्काने मागतो, मागितलेच पाहिजे. मात्र ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभे आहे, त्यांचा वाटा या भांडणात कुणीच काढत नाही, आणि मला वाटते हा आपल्याही बाजूचा दोष आहे. शिवाय त्यातले किती पाणी एकट्या उसाला द्यायचे, हाही प्रश्न आहेच. कारखान्याच्या गावात तो विचारणे अवघड जाते, पण कधीतरी विचारावाच लागेल.

धरणग्रस्तांच्या घरांनी एक काम जरूर करावे. निवाड्याची प्रत, जुन्या गावाचे उतारे, नवीन गावठाणातल्या भूखंडाचा कागद, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, हे सारे एका पेटीत जपून ठेवावे. सरकारी नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण दाखला नसला तर ते मिळत नाही. वडील माणूस गेल्यावर कागद शोधत तहसील आणि पुनर्वसन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्याची वेळ फार घरांवर येते. आणि म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गावाचा नकाशाही काढून घ्यावा : वेस कुठे, पार कुठे, कुणाचे घर कुणाला लागून. वहीच्या एका पानावर तो सहज मावतो.

उन्हाळ्यात नाथसागर ओसरू लागला की काठाची जमीन उघडी पडते. त्या गाळात पेरलेले पीक जोमाने येते. याला गाळपेरा म्हणतात. पाणी फारच उतरले, तर जुन्या घरांचे पाये आणि दगडी बांधकामेही दिसू लागतात. गाळपेऱ्याची ही जमीन सरकारची, ती वर्षाच्या बोलीने कसायला मिळते आणि प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम असतो. अशा वेळी बांधांच्या खुणा पुसल्या गेल्या असल्या, तरी जुना माणूस पावले मोजत चालत जातो आणि एका जागी थांबून सांगतो, की आमची पट्टी इथून सुरू होत होती. मग तीच जमीन तो एका हंगामापुरती, पावती फाडून, कसायला घेतो.